एफआरपी (फंक्शनल रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग) म्हणजे नेमकं काय? आरएक्स, ऑब्झर्व्हर, रिॲक्ट सगळं एकच का?

रावेरकर_ठिबक: राम राम मंडळी. केळीच्या बागेत ठिबकसाठी छोटं ॲप करतोय, ओलाव्याचा सेन्सर अन् वॉल्व्हचं बटण, बस. आरएक्सजेएस वापरलंय, म्हणजे येत राहणाऱ्या व्हॅल्यू हाताळायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. एक जण म्हणतो हेच फंक्शनल रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग, दुसरा म्हणतो हा नुसता ऑब्झर्व्हर पॅटर्न (काही बदललं की ऐकणाऱ्यांना कळवायची पद्धत), काही जण तर रिॲक्ट या स्क्रीन बनवायच्या लायब्ररीलाही त्यातच धरतात. फरक काय? आणि ओलाव्यावरून 'कोरडं आहे का' आणि 'किती मिनिटं पाणी' असे दोन स्ट्रीम (एकामागून एक येणाऱ्या व्हॅल्यू) काढून कंबाइनलेटेस्टने (कुठल्याही स्ट्रीममध्ये नवं आलं की दोन्हींची ताजी व्हॅल्यू देणारं फंक्शन) जोडले, तर एका रीडिंगला दोनदा फायर होतं, पहिल्यांदा मिनिटं जुनीच येतात. असं का?

भुसावळ_जंक्शन: भाऊ, मूळ एफआरपी 1997 चं, कॉनल एलियट आणि पॉल हुडाक यांनी हॅस्केल या भाषेत ॲनिमेशनसाठी मांडलेलं. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात, बिहेवियर आणि इव्हेंट. ओलावा हा बिहेवियर, कुठल्याही क्षणी विचारा, त्याला किंमत (व्हॅल्यू) असतेच, सेन्सर दहा मिनिटांनी वाचतो म्हणून मधल्या वेळात जमिनीला ओलावा नसतो असं थोडीच आहे! बटण दाबणं हा इव्हेंट, तो ठराविक क्षणीच घडतो. म्हणजे बिहेवियर हे वेळेचं फंक्शन, वेळही सलग, तुकड्यातुकड्यांची नाही. हेच त्यातलं खरं सौंदर्य आहे, आणि लोक नेमकं हेच सोडून देतात.

आरएक्समध्ये (आरएक्सजेएस हे त्याचंच जावास्क्रिप्ट रूप) दोन्हींना ऑब्झर्व्हेबलच म्हणतात. ते ऑब्झर्व्हर पॅटर्नच्या पुढचं आहे, मॅप (प्रत्येक किंमत बदलणं), फिल्टर (हवी तीच ठेवणं) करून जोडता येतं, पण किमती सुट्या सुट्या येतात, सलग वेळ नाही. त्याला एफआरपी म्हणणं चुकीचं, असं आरएक्सच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. रिॲक्टचं तर वेगळंच, स्टेट (ॲपची सध्याची स्थिती) बदललं की यूआय, म्हणजे स्क्रीन, परत काढायचा.

धुळे_देव: दोनदा फायर होण्याला ग्लिच म्हणतात. एकाच मुळातून दोन फांद्या निघून परत जोडल्या की आरएक्स आधी एक ढकलतं, मग दुसरी. स्प्रेडशीटमध्ये हे दिसत नाही कारण तिथे कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहून क्रमाने हिशोब होतो, सॉलिडजेएस या लायब्ररीचे सिग्नलसुद्धा (बदलल्या की कळवणाऱ्या किमती) असंच सांभाळतात. तुम्ही जोडूच नका, एकाच मॅपमध्ये दोन्ही किमती काढून एक ऑब्जेक्ट परत करा. बटणासाठी विथलेटेस्टफ्रॉम हे फंक्शन लावा, दाबल्या क्षणी ओलाव्याचं शेवटचं आलेलं रीडिंग मिळेल.

रावेरकर_ठिबक: एका मॅपमध्ये घेतलं दादा, आता एकदाच येतंय. मग एल्म या भाषेत एफआरपी आहे ना, ते शिकू का?

भुसावळ_जंक्शन: एल्ममध्ये सिग्नल होते, 2016 ला 0.17 मध्ये काढून टाकले, त्यामुळे एफआरपीसाठी तिकडे जाऊ नका. हॅस्केलमध्ये रिफ्लेक्स ही लायब्ररी बघा, बिहेवियर आणि इव्हेंट त्याच नावाने भेटतील.