कृष्णेतल्या मगरींची गणना: दर फेरीला आकडा वेगळा का येतो?

पैलतीर (प्रश्न)

भिलवडी ते सांगली या पट्ट्यात मगरी वाढल्या, असं काठावरच्या सगळ्याच गावांत बोललं जातं. खरंच वाढल्या का, हे मोजून पाहायचं आहे. गेल्या हिवाळ्यात होडीतून दिवसा चार फेऱ्या झाल्या. डिसेंबरचा आकडा जानेवारीत जवळपास दुप्पट झाला आणि फेब्रुवारीअखेर निम्म्यावर आला. होडी तीच, मोजणारे तेच. महिन्याभरात मगरी दुप्पट होत नाहीत, तेव्हा चूक मोजण्यातच असणार.

यातला कुठला आकडा धरायचा, सरासरी की सगळ्यात मोठा? रात्री बॅटरी मारून मोजणं जास्त खात्रीचं का? आणि २०१९ च्या महापुरानंतर काय बदललं, हे यातून सांगता येईल का?

मळीकाठ

चूक म्हणू नका. तुम्ही मोजल्या त्या दिसलेल्या मगरी. नदीत मगरी किती आणि त्यातल्या दिसल्या किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला महिन्याभरात हलत नाही, दुसरा रोज हलतो.

मगर काठावर येते ती अंग तापवायला. पाणी गार आणि ऊन स्वच्छ असेल तेव्हा ती तासन्‌तास बाहेर पडून राहते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत जास्त दिसतात. फेब्रुवारीअखेर पाणीच तापायला लागतं, तिला बाहेर यायची गरज उरत नाही. वर त्याच सुमाराला माद्या अंडी घालायच्या जागा शोधत असतात, म्हणजे बसण्याच्या जागाही बदलतात. तेव्हा चारही फेऱ्या डिसेंबर मध्य ते जानेवारीअखेर याच काळात आणि शक्यतो दोन-तीन आठवड्यांच्या आत उरका. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. ढग किंवा जोराचा वारा असेल तर त्या दिवशी फेरी करूच नका, नंतर आकड्याला दुरुस्ती लावत बसण्यापेक्षा ते बरं. फेरी सुरू करताना आणि संपवताना पाण्याचं आणि सावलीतल्या हवेचं तापमान लिहा. साधा थर्मामीटर हातभर खोल धरला तरी चालतो.

इंजिन लावलेली होडी वळणावरून पुढे यायच्या आत काठावरची मगर पाण्यात सरकलेली असते. मोटर बंद करून, वल्ह्यांवर, समोरच्या काठाला धरून जा आणि पुढचा काठ दुर्बिणीने आधी चाळून घ्या. कुणी दिसलं नाही तरी ओल्या मातीत पोट घासल्याचा गुळगुळीत पट्टा आणि मधोमध शेपटीची रेघ असेल तर ती वेगळ्या रकान्यात लिहा. गणनेत मिळवू नका.

रात्रीच्या मोजणीत बहुतेकांचं बिघडतं ते बॅटरी धरण्यात. मगरीच्या डोळ्यामागचा चकचकीत थर उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. बॅटरी कमरेशी धरली तर परतीचा उजेड कमरेशीच येतो, तुमच्या डोळ्यांना तो अंधुक दिसतो किंवा दिसतच नाही. ती गालाला टेकवून, डोळ्यांच्या रेषेतच धरायची. अमावास्येच्या आसपासची रात्र घ्या आणि पूर्ण अंधार पडल्यावर सुरुवात करा. मगरीचा डोळा निखाऱ्यासारखा लाल-नारिंगी दिसतो, गुराढोरांचा हिरवट. काठावर बसलेल्या रातवा पक्ष्याचा डोळाही लाल असतो, पण तो पाण्याच्या रेषेच्या वर असतो आणि जवळ गेलं की उडून जातो.

लांबीचा अंदाज संपूर्ण मगर पाहून बांधू नका, तो हमखास मोठा निघतो. मुस्कटाच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण सातपट केलं की एकूण लांबी येते. गट चारच ठेवा: एक मीटरच्या आत, एक ते दोन, दोनच्या वर आणि ‘फक्त डोळे’. हा चौथा गट प्रामाणिकपणे भरा. यंदाची पिल्लं मात्र एकूण आकड्यात धरू नका, कारण पहिल्या वर्षात त्यातली फारच थोडी जगतात. एकाच विणीची पिल्लं दिसली की आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी उगाच ‘घट’ दिसते.

बरगा

वर एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते या पट्ट्यात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: पाण्याची पातळी. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की मागे पाणी तुंबतं, वाळूचे पट्टे आणि खडक बुडतात, आणि मगरी उसाच्या कडेच्या झुडपांत बसतात. तिथे त्या दहा फुटांवरून जाऊनही दिसत नाहीत. उपशाच्या मोटारी जोरात चालल्या की पाणी उतरतं, वाळू उघडी पडते, आणि त्याच मगरी एका ओळीत दिसतात. तुमचा जानेवारीचा आकडा असाच वाढला असण्याची दाट शक्यता आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी मोजली जाणारी पातळी फेरीच्या दिवशी लिहून ठेवा. शिवाय तुमच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला एखाद्या पक्क्या घाटाच्या पायऱ्या मोजून खूण करा, कारण खालची पातळी वरच्या टोकाला लागू पडेलच असं नाही. वेगवेगळ्या वर्षांची तुलना एकाच पातळीच्या फेऱ्यांमध्येच करा.

पैलतीर

पातळी लिहिलीच नव्हती. आता मागच्या चार फेऱ्या टाकून द्यायच्या का? आणि आकडेमोड नेमकी कशी करायची?

गणिती_येरळा

टाकू नका, सराव म्हणून ठेवा.

सगळ्यात मोठा आकडा ‘निदान इतक्या आहेत’ एवढंच सांगतो, आणि फेऱ्या वाढवल्या की तो आपोआप वाढतो. यंदा चार फेऱ्या आणि पुढच्या वर्षी आठ केल्या, तर मगरी तेवढ्याच असूनही ‘वाढ’ दिसेल. तुलनेसाठी सरासरी घ्या आणि सोबत फेऱ्यांमधला चढउतार द्या.

एकाच होडीत दोघांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या वहीत नोंद करावी: वेळ, जीपीएस, कुठला काठ, आकार. संध्याकाळी वह्या जुळवा. समजा पहिल्याला १२ दिसल्या, दुसऱ्याला १०, आणि त्यातल्या ८ दोघांनाही दिसल्या. (१२+१) गुणिले (१०+१), भागिले (८+१), वजा १, म्हणजे साधारण १५. पण हे १५ कोणाचे, तर त्या वेळी पाण्याबाहेर किंवा पृष्ठभागावर असलेल्यांचे. बुडी मारून तळाशी असलेली मगर दोघांनाही दिसत नाही, तिचा हिशेब या सूत्रात येत नाही. त्यासाठी परत परत फेऱ्याच लागतात. दोन-दोन किलोमीटरचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा आकडा फेरीगणिक वेगळा ठेवलात, तर पुढे एन-मिक्स्चर या संख्याशास्त्रातल्या पद्धतीने दिसण्याची शक्यता आणि संख्या वेगळी काढता येते. त्यात पातळी आणि पाण्याचं तापमान घालायलाच हवं, नाहीतर ती पद्धत संख्या भलतीच फुगवून दाखवते.

वाढ-घट सांगायला किती वर्षं लागतात, याचाही अंदाज असू द्या. फेरी-फेरीत ३० टक्के चढउतार असेल आणि वर्षाला एकच फेरी केली, तर पाच वर्षांनी वर्षाकाठी साधारण २५ टक्क्यांहून कमी बदल खात्रीने पकडता येत नाही. वर्षाला पाच फेऱ्या केल्या, आणि त्या एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र असतील, तर ही मर्यादा १२-१३ टक्क्यांवर येते. म्हणून फेऱ्या वाढवा, पट्टा नाही.

मळीकाठ

२०१९ बद्दल: आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. एवढ्या पुरात मगरी ओढ्या-नाल्यांत, गावतळ्यांत शिरतात आणि माणसांना दिसतात. ‘दिसल्या’च्या बातम्या वाढणं म्हणजे संख्या वाढणं नव्हे. पुराआधीची याच पद्धतीची मोजणी नसेल तर तो प्रश्न या गणनेतून सुटणार नाही.

त्यापेक्षा काठाची नोंद आत्तापासून ठेवा. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाण्याच्या रेषेच्या वर, मऊ मातीत किंवा वाळूत खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात. वीटभट्टीसाठी पोयटा (गाळाची माती) उचललेला काठ उभा तुटतो, तिथे तिला चढताच येत नाही. दर टप्प्यात उतरता काठ किती मीटर, तुटलेला किती, ऊस थेट पाण्यापर्यंत आलेला किती, हे वर्षातून एकदा मार्चमध्ये मोजा. मगरींचा आकडा बदलायच्या कितीतरी आधी हा आकडा बदलतो. घरटं उकरू नका. अंडी किती तापतात त्यावर पिल्लांचं लिंग ठरतं, त्यामुळे वरची माती हलवणंही वाईट.

बरगा

आणि वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. रात्रीच्या फेरीची तारीख काठावरच्या पोलीस पाटलांनाही कळवा, नाहीतर पात्रात बॅटऱ्या दिसल्या की लोकांना वाळूवाले वाटतात. काहिलीतून (गुळाच्या मोठ्या कढईतून) पाण्यात जाऊ नका. लाकडी, रुंद बुडाची नाव, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि हात नावेच्या कडेच्या आत. घरट्यांचे जीपीएस आकडे कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.