1 मेच्या सुमारास ब्रिटनमध्ये पेगन (ख्रिस्ती धर्माआधीच्या वळणाचा) सण कुठे बघावा? (सोबत आई-बाबा आणि मुलगी)

सायली_पी
नमस्कार मंडळी. आम्ही लीड्सला असतो. एप्रिलअखेर आई-बाबा पुण्याहून येतायत, जूनच्या मध्यापर्यंत मुक्काम. बाबा मूळचे गुहागरचे, त्यामुळे जत्रा, सोंगं, पालख्या म्हटलं की कान टवकारतात. लंडन, किल्ले, राजवाडे मागच्या खेपेला उरकलेत. यंदा "इथल्या लोकांचं जुनं काहीतरी दाखव" असा हुकूम आहे. उन्हाळा लागताना बेल्टेन नावाचा पेगन सण असतो आणि एडिनबरात तो जोरात होतो, एवढंच ऐकून आहे. बाबांचा गुडघा दुखरा, मुलगी आठ वर्षांची. जावं का? की दुसरं काही सुचवाल?

माई_एडिनबरा
सायली, मी इथलीच, आणि मला हा प्रकार मनापासून आवडतो. तरी तुझा लवाजमा घेऊन येऊ नकोस.

30 एप्रिलच्या रात्री कॅल्टन हिलवर असतो, तिकीट आधी काढायचं. टेकडी उंच नाही, वेव्हर्ली स्टेशनावरून चालत जाता येतं. पण वर टेकायला जागा नाही, अंधार, पायाखाली ओलं गवत आणि हाडं गोठवणारा वारा. कार्यक्रम मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. अर्धवट राहिलेलं बारा खांबांचं स्मारक आहे, तिथून मे क्वीनची, म्हणजे वसंताच्या राणीची, मिरवणूक निघते, ढोल अखंड चालू. अंगभर लाल रंग फासलेली आणि अंगावर जेमतेम लक्तर असलेली मंडळी धिंगाणा घालत असतात. शेवटी ग्रीन मॅन (हिरवाईचं सोंग) मारला जातो, त्याचा हिवाळी वेष ओरबाडून काढतात आणि तो नव्याने उभा राहतो. मग मोठी आग. तुझी लेक एकतर घाबरेल नाहीतर तिला ते भलतंच आवडेल, दोन्ही निस्तरायचं तुलाच.

एडिनबरालाच यायचं असेल तर 1 मेच्या पहाटे या. दवाने तोंड धुवायला लोक आर्थर्स सीट या टेकडीवर चढतात, उजाडतं साडेपाचच्या सुमारास. काकांनी खाली हॉलिरूड पार्कातच हात ओले केले तरी चालेल. फुकट आहे आणि मागाहून गरम नाश्ता मिळतो.

शंकासुर
नावाला जागून शंका काढतो. कॅल्टन हिलचा सोहळा 1988 चा, कलाकार मंडळींनी नव्याने रचलेला. बघा जरूर, पण काकांना "हजारो वर्षांची परंपरा" म्हणून विकू नका.

जुनं आहे ते वेगळं. इ.स. 900 च्या आसपासच्या एका आयरिश शब्दकोशात येतं की द्रुइड (तिथले जुने पुरोहित) दोन आगट्या पेटवत आणि वर्षभर रोगराई नको म्हणून गुरं त्यांच्या मधून हाकत. मे लागला की गुरं उन्हाळी कुरणांवर चढवायची, त्याआधीचा हा बंदोबस्त. माझी सगळ्यात आवडती नोंद थॉमस पेनंटची. 1769 मध्ये तो स्कॉटलंड फिरला. तिथले गुराखी बेल्टेनला ओटच्या पिठाची भाकरी करत, तिच्यावर नऊ उंचवटे. आगीकडे तोंड करून एकेक उंचवटा मोडायचा आणि खांद्यावरून मागे भिरकवायचा: हा तुला, माझे घोडे राख, हा तुला, माझी मेंढरं राख. राखणदारांचं झालं की हल्लेखोरांची पाळी: कोल्ह्या, हा तुला, माझी कोकरं सोड. मग कावळा, मग गरुड. हे काकांना सांगा, गुहागरच्या माणसाला राखणदार समजवायला नको.

बाबू_ब्रिस्टल
पॅडस्टो, कॉर्नवॉल. 1 मे, रविवार आला तर 2 मे. गावभर हिरव्या फांद्या, ढोल-अकॉर्डियन, आणि दोन 'ऑस' (हॉर्सचा गावठी उच्चार, म्हणजे घोड्याचं सोंग): मोठ्या गोल चौकटीवर काळं कापड, वर भयाण मुखवटा, आत माणूस. एक लाल गोटाचा, एक निळ्या. मध्येच गाणं मंदावतं, ऑस जमिनीवर पसरतो, आणि एकदम उसळी मारून उठतो. तिकीट नाही, पाहुण्यांसाठी मांडलेला खेळ नाही, गाव स्वतःसाठी नाचतं. काकांना तेच हवंय.

शंकासुर
त्याचीही सर्वात जुनी लेखी नोंद 1803 ची बरं का.

बाबू_ब्रिस्टल
असू दे की. आम्ही नाचायला जातो, सातबारा बघायला नाही.

सायली_पी
😂 पॅडस्टो आवडलं, पण लीड्सहून गाडीने पूर्ण दिवस जाईल. आई आत्ताच फोनवर नको म्हणाली. जवळपास काही?

विदर्भकन्या_यॉर्कशायर
अगं, काखेत कळसा! लीड्सच्या पूर्वेला बार्विक-इन-एल्मेट. तिथला मेपोल, म्हणजे मे महिन्याच्या सणाचा उंच खांब, जवळजवळ 86 फुटांचा. तीन वर्षांतून एकदा ईस्टरला उतरवतात, रंगरंगोटी करतात आणि मेअखेरच्या बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) परत उभा करतात. दोर, शिड्या आणि माणसं, बाकी काही नाही. मग एक पोरगा सरसर वर चढतो आणि टोकावरचा वातकुक्कुटासारखा कोल्हा फिरवतो. शिमग्याला होळीचं झाड उभं करताना सांगतात तसं कुणी कुठे जोर लावायचा ते काका ओरडून सांगणार, आत्ताच ऐकू येतंय. यंदाचं वर्ष आहे का ते गावच्या वेबसाइटवर बघ. नसलं तरी खांब जागेवर असतोच, दुपारचा फेरफटका होईल.

माई_एडिनबरा
हे बेस्ट. आणि सायली, मेच्या मध्यावर तुमच्याकडे कुंपणांवर पांढरा हॉथॉर्न (काटेरी झुडूप) फुलेल. मुलगी घरात आणायला बघेल, आणू देऊ नकोस. जुनी माणसं अपशकुन मानतात. वासाला मेल्या जनावराचा दर्प येतो, कारण सडक्या मांसात असतं तेच रसायन त्या फुलात आहे. दाराबाहेर लावायला हरकत नाही.

सायली_पी
ठरलं. वर्ष जुळलं तर बार्विक, नाहीतर 30 ला दुपारी एडिनबराची गाडी, रात्री बाबांना झोपवून मी एकटी कॅल्टन हिल, पहाटे सगळे मिळून दव. माई, वेव्हर्लीजवळ लिफ्ट असलेलं हॉटेल?

माई_एडिनबरा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आज-उद्यात बुक कर, त्या आठवड्यात भाव चढतात.