गाठीचं रक्त बंद करणारा नॅनो-रोबो कुठे मिळतो?

मिरजेची लेक:
आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलेला. दर पंधरा दिवसांनी केमो, जोडीला बेव्हासिझुमॅबची सलाइन. मामाने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलाय: रक्तात सोडलेला नॅनो-रोबो गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करतो. मामा दोन एकर विकायला निघालाय. हे कुठे मिळतं?

केमो वॉर्डातला फार्मासिस्ट:
ताई, आधी मामांना थांबवा. हे बाजारात नाही. कुणी पैसे मागितले तर फसवणूक समजा.

व्हिडिओतला प्रयोग मात्र खरा आहे. बीजिंगचं राष्ट्रीय नॅनोविज्ञान केंद्र आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने तो 2018 मध्ये प्रसिद्ध केला. डीएनएची 90 बाय 60 नॅनोमीटरची चटई विणायची, गुंडाळायची, आत थ्रॉम्बिन ठेवायचं; हाच तो रोबो. बोट कापल्यावर रक्त गोठवतं तेच हे थ्रॉम्बिन. गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर न्यूक्लिओलिन नावाचं प्रथिन असतं. ते भेटलं की गुंडाळी उलगडते आणि तिथेच गुठळी धरते. गाठीची रसद तुटते. पण हे उंदरांत! मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, आठ उंदरांपैकी तिघांचीच गाठ पूर्ण गेली. आणि अशी गुठळी चुकून मेंदूत झाली तर? म्हणून घाई करता येत नाही.

आईला मिळतंय ते याच विचारातून आलंय. गाठ वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या अडवा, हे अमेरिकी सर्जन जूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत मंजुरी मिळाली 2004 मध्ये, तीही आतड्याच्याच कॅन्सरसाठी. ते गुठळी करून काम करत नाही. नव्या वाहिन्या फुटायला सांगणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन धरून ठेवतं. केमोच्या जोडीला तेही महत्त्वाचं, मामांना हे नक्की सांगा.

साताऱ्याची सून:
सासऱ्यांना वर्षभर हेच चालू होतं. बीपी 170 वर गेलं, आम्ही म्हणत राहिलो टेन्शनमुळे असेल. औषधामुळे होतं ते. रोज सकाळी मोजून वहीत लिही. लघवीतल्या प्रोटीनची तपासणी चुकवू नको. आणि जखम लवकर भरत नाही गं, मोठ्या ऑपरेशनआधी निदान चार आठवडे हे बंद ठेवतात.

मिरजेची लेक:
दादा, मामाला सगळं वाचून दाखवलं. गप्प बसलाय, पण ऐकलं त्याने. ताई, जखमेचं वाचून धस्स झालं. गुरुवारी आईची दाढ काढायची ठरलीय आणि दातांच्या डॉक्टरांना या सलाइनचं आम्ही सांगितलेलंच नाही. आत्ताच फोन लावते, दोन्हीकडे.