प्रति: ऑनलाइन पदवीला कंपनीत विचारतं कोण?
‘ऑनलाइन पदवीवाल्याचा अर्ज कंपन्या बाजूलाच ठेवतात’ हे वर लिहिलंय, ते सरसकट पटलं नाही. मी नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात भरतीचं काम बघतो. मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्या नेहमीच्या पदवीशी समकक्ष धराव्यात, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्येच स्पष्ट केलंय. आणि नाशिककरांना यात नवल कसलं? आपल्या गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, आमच्या अकाउंट्स आणि स्टोअरमध्ये तिथलेच बीकॉम भरलेत. नोकरी सांभाळून शिकलाय म्हटल्यावर साहेब उलट खूश होतात.

अडतं वेगळ्याच ठिकाणी. विद्यापीठाचं नाव मोठं असून भागत नाही, मान्यता त्या अभ्यासक्रमाला आणि त्या सत्राला होती का ते बघावं लागतं. आमची पडताळणी एजन्सी यूजीसीच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या यादीत उमेदवाराचं प्रवेशाचं वर्ष शोधते, पास झाल्याचं नाही. म्हणून प्रवेश घेतानाच त्या यादीचं पान सेव्ह करून ठेवा. इंजिनिअरिंगची पदवी मात्र ऑनलाइन द्यायला परवानगीच नाही, तेव्हा ‘घरबसल्या बीटेक’च्या जाहिराती बघून फोनसुद्धा करू नका.