विषय: शनिवारी सिनेगॉगला येतोय, काय आणू?

नमस्कार मंडळी,
इथे इस्रायलमध्ये गणपतीच्या जेवणाला अश्दोदच्या मराठी ज्यू काकू म्हणाल्या होत्या, एकदा आमच्या सिनेगॉगात, म्हणजे प्रार्थनास्थळात, ये. या शनिवारी यावं म्हणतो. हार-नारळ नेतात का? पुजारी किती वाजेपर्यंत असतात? फोटो काढलेले चालतात ना?
– नवा सभासद, हैफा

*

बाळा, शुक्रवारी दुपारीच ये आणि आमच्याकडे राहा. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी अंधार पडेपर्यंतच्या आमच्या विश्रांतीच्या दिवशी, ट्रेन नसते. फोटो अजिबात नाही, फोन घरीच ठेवायचा. टोपी दाराशी मिळेल. हार नको रे, मूर्तीच नाही तर घालणार कुणाला?

पुजाऱ्याचं म्हणशील तर प्रार्थना म्हणवून घेणारा हझान असतो, पण तो नसला तर ज्याला नीट वाचता येतं तो उभा राहतो. अडतं ते दहा पुरुषांवाचून. तेरा वर्षांवरचे दहा झाले की मिन्यान. नऊ असले तर गेलेल्या माणसासाठीची कद्दिश प्रार्थना म्हणता येत नाही, पेटीतून सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, काढून वाचता येत नाही. सासऱ्यांच्या वर्षाला रेवदंड्यात नऊच जमले होते. दहावा अलिबागहून एसटीने येईपर्यंत सगळे ओट्यावर बसून. चहा दोनदा झाला. गाव इकडे आलं, तिथे माणसं कुठून आणायची?

आम्हा मराठी ज्यूंचं पहिलं सिनेगॉग मुंबईत, मांडवीला, सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेलं शार हारहमीम. जुनी माणसं त्याला ‘मशीद’च म्हणायची. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं, असं आमच्यात सांगतात. पुण्याचं ओहेल डेव्हिड म्हणजे ‘लाल देऊळ’. मला मात्र हिब्रूतलं नावच पटतं: बेत क्नेसेत, जमायचं घर. देवाचं घर यरुशलेमला होतं, ते रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडलं. तेव्हापासून बळी संपले, प्रार्थना उरली.

मी बायकांत बसेन, त्यामुळे कुठलं पान चाललंय ते शेजारच्याला विचार. तो बोट ठेवून दाखवेल.
– काकू, अश्दोद

*

वहिनी, दिशेचं राहिलं. प्रार्थना यरुशलेमकडे तोंड करून. अलिबागला आपण पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे उभे राहायचो. इथे यरुशलेम पूर्वेला, समुद्र पाठीशी. आई सत्तरीत इकडे आली, तेव्हा कितीतरी महिने घरात सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, घेऊन समुद्राच्या खिडकीशीच उभी राहायची. मी खांदे धरून वळवायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
– अश्कलोनहून

*

काकू, शुक्रवारी दोनच्या ट्रेनने निघतो. निदान घरच्या चकल्या आणू?

*

चकल्या नको, आमचं कोशेरचं, म्हणजे खाण्यापिण्याच्या धर्मनियमांचं, झेंगट असतं. फळं आण: केळी, सफरचंदं, जमलं तर खजूर. नातवाला नोकरी लागली, त्याचा नवस आहे. शनिवारी अंधार पडला की एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाचा, मलिदा: प्रार्थना आणि गोड पोह्यांचा प्रसाद. पोहे, खोबरं, साखर माझ्याकडे आहे. खाऊन मग रात्रीच्या ट्रेनने जा.
– काकू