ऐरोलीच्या खाडीकाठी स्पार्टिना गवत लावावं का?

बांधावरची: नमस्कार मंडळी. आम्ही सातआठ जण दर रविवारी ऐरोलीला खाडीच्या बांधावर प्लास्टिक उचलायला जातो. यंदा पावसात उधाणाच्या पाण्याने बांधाची कड दोन ठिकाणी ढासळली, तर ग्रुपमधल्या एकांनी व्हिडिओ टाकला की अमेरिकेत किनारा धरून ठेवायला स्पार्टिना नावाचं गवत लावतात, आपण त्याचं बी ऑनलाइन मागवू आणि तिवरांच्या पुढे जो उघडा चिखल आहे तिथे टाकू. सगळे तयार आहेत, मलाच थोडी धाकधूक वाटतेय. आणखी एक, तिवरं संपून बांध लागतो तिथे एक बुटकं टोचरं गवत पसरलंय, दुपारी त्याच्या पानांवर साखर भुरभुरल्यासारखं चमकतं. रोग आहे का तो?

खाजणप्रेमी: ताई, हात जोडून सांगतो, बी मागवू नका. स्पार्टिना वाईट नाही, तिच्या घरी ती फार मोठं काम करते. अमेरिकेच्या बहुतेक अटलांटिक किनाऱ्यावर थंडी पडते, तिवरं टिकत नाहीत, तिथे खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्यातली दलदल, उभं राहतं ते तिच्या जिवावर, लाट मोडते, गाळ अडवते. पण चीनने 1979 मध्ये हीच किनारा वाचवायला नेली आणि ती भरतीचा उघडा चिखल झाकत सुटली, पाणपक्ष्यांची चरायची जागा गेली, तिवरांच्या जागेतही घुसली. आता तेच सरकार ती काढतंय, 2022 मध्ये योजना आणली की 2025 पर्यंत 90 टक्क्यांहून जास्त उपटायची. शांघायजवळ तर बांध घालून, गवत कापून, वर पाणी कोंडून ती बुडवावी लागली. इंग्लंडमध्ये अमेरिकन स्पार्टिनाचा तिथल्या देशी स्पार्टिनाशी संकर होऊन जगात आधी नव्हतीच अशी नवीन जात तयार झाली, ती पण पसरली.

आणि आपला उघडा चिखल रिकामा नाहीये हो! फ्लेमिंगो मान उलटी करून जे गाळून खातात ते बारीक शेवाळ त्याच चिखलावर वाढतं. 2022 पासून आपली ही ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, ते उगाच नाही.

आता तुमची साखर. ते मीठ आहे, बोटावर घेऊन जिभेला लावून बघा (खाडीचं पाणी घाण आहे, गिळू नका). बहुतेक एल्युरोपस नावाचं खाऱ्या जमिनीतलं गवत असावं. मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, तरी आत आलेलं पान आपल्या बारीक ग्रंथींतून बाहेर टाकतं, पाणी उडून जातं आणि खडे राहतात. पावसात धुऊन जातं म्हणून तेव्हा दिसलं नसेल. नक्की गवतच आहे ना तेवढं बघा, काडी बोटांत फिरवा, तिधारी लागली तर लव्हाळ्याच्या जातीतलं काहीतरी, गोल आणि पेरं असलेली तर गवत.

आगरी_काका: पोरी, ते गवत आमच्या लहानपणापासूनचं. वेगळं नाव नव्हतं, खाजणातलं गवत म्हणायचो. आमचा खार होता, म्हणजे खाडीकाठचं शेत, पावसाने मीठ धुतलं की भात लावायचे, आणि खाऱ्या पाण्याला अडवायला बांध आणि उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. बांधाला खांड पडली की आजोबा नुसती माती टाकत नव्हते, त्या गवतासकट फावड्याने ढेकळं कापून आणायची, गवत वर ठेवून एकाला एक चिकटवून बसवायची आणि पायाने दाबायची. पुढच्या उधाणापर्यंत धाग्यांनी शिवल्यासारखं धरायचं. तुमची कड ढासळली ना, तिथे वर रॅबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, टाकलंय का बघ. रॅबिटखाली गवत मेलं की माती सुटते.

बांधावरची: काका, अगदी बरोबर! आत्ता जाऊन आले, दोन्ही ठिकाणी वर रॅबिटचे ढीग आहेत, टाइल्सचे तुकडे वगैरे. जिथे ढीग नाही तिथे गवत आहे आणि कड शाबूत आहे. काडी पण फिरवून बघितली, गोल आहे, पेरं आहेत, आणि पान चाटलं तर खरंच खारट 😊 मग आम्ही ती ढेकळं लावू का?

खाजणप्रेमी: मनाने खोदायला जाऊ नका, कांदळवनाची म्हणजे तिवरांची जागा आहे, परवानगी लागते. ऐरोलीतच वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं जैवविविधता केंद्र आहे, तिथे ढिगांचे फोटो घेऊन जा. आणि एल्युरोपस जमिनीवर धावे सोडत सरकतं, एक धावा पुढे गेला की पेराला मुळं फुटतात. रॅबिट उचललं आणि वर चालणं थांबवलं तर शेजारचं गवत आपणहून त्या जागेत येईल.

बांधावरची: ठीक आहे, बी रद्द. ग्रुपवर टाकलंय, ज्यांनी व्हिडिओ पाठवला होता ते पण हो म्हणालेत. या रविवारी प्लास्टिकऐवजी ढिगांचे फोटो आणि मोजमाप. काका, जवळपास असाल तर याल का सकाळी सातला? कड कुठपर्यंत जुनी आहे ते तुम्हीच सांगू शकाल.

आगरी_काका: येतो. ओहोटी बघून ये, भरतीत पायथा दिसायचा नाही.