छोट्या शहरात दीड दिवस: संग्रहालय, तारांगण, लंबक, सूर्यघड्याळ. क्रम कसा लावावा?

प्रश्न (भटकी_पावलं)
दीड दिवस हाताशी आहे. शहर छोटं. एक वस्तुसंग्रहालय, एक तारांगण, विज्ञान केंद्र (त्यात फूकोचा लंबक, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा लांब तारेचा लंबक), बागेत सूर्यघड्याळ आणि जुन्या कागदपत्रांचा विभाग असलेलं ग्रंथालय. सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. सोबत नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं. अशी ठिकाणं तासाभरात उरकतात असं ऐकलंय. खरंच तेवढंच असतं का? शिवाय 'आत अंधार असतो, धड दिसत नाही' ही संग्रहालयाबद्दलची नेहमीची तक्रार. त्यावर काही उपाय?

उत्तर १ (दालन_क्र_४)
अंधार मुद्दाम ठेवलेला असतो. कागद, कापड, जलरंग यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. तैलचित्रांना १५०-२०० चालतो. रंग एकदा उडाला की उडाला, तो परत आणता येत नाही. आता बाहेरचं दुपारचं ऊन लाखभर लक्सच्या घरात जातं. तिथून थेट चित्रांच्या दालनात शिरलात तर पहिली पाच-दहा मिनिटं सगळं काळपटच दिसणार. म्हणून आधी मूर्ती, भांडी, शिलालेख बघा. दगडाला उजेडाचं भय नसतं, त्यामुळे ती दालनं बऱ्यापैकी उजळ असतात. डोळे निवले की मग कापड-कागदाकडे वळा.

शिलालेख समोरून बघण्यात अर्थ नाही. समोरच्या उजेडात खोदलेलं अक्षर सपाट होतं. उजेड बाजूने, तिरपा यायला हवा. दगड अंगणात मांडलेला असेल तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. दुपारी जी ओळ झिजलेली वाटते ती तेव्हा वाचता येते. नाण्यांना हलवता येत नाही, तेव्हा आपणच हलायचं. गुडघ्यात वाका, काचेला हात न लावता डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. एका ठरावीक कोनात अक्षरं एकदम उठून येतात.

मुलांसाठी एक उद्योग. वस्तूजवळच्या पाटीवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी १९८७.१२.३ असं असतं. ते वस्तूचं वय नव्हे. ही दाखल क्रमांक देण्याची रूढ पद्धत आहे: १९८७ साली आलेली, त्या वर्षीची बारावी आवक, त्यातली तिसरी वस्तू. (सगळीकडे हीच पद्धत असते असं नाही, पण कळायला वेळ लागत नाही.) १९८७.१२ ने सुरू होणारे आकडे वेगवेगळ्या कपाटांत सापडले, तर त्या वस्तू एकाच खेपेला, बहुधा एकाच दात्याकडून आलेल्या. तेरा वर्षांच्या मुलाला या शोधावर सोडा, अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

विशिष्ट चित्र किंवा पोथी डोक्यात असेल तर आधी फोन करा. 'आहे का' असं नका विचारू, 'सध्या मांडलेली आहे का' असं विचारा. कागदी वस्तू तीन-चार महिने दाखवून पुन्हा भांडारात ठेवण्याची रीत आहे. साप्ताहिक सुट्टीही तेव्हाच विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ती सोमवारी असते.

आणि सलग पाऊण तासाच्या वर फिरू नका. बेंजामिन आयव्हज गिलमन या अमेरिकन संग्रहालय-अभ्यासकाने १९१६ मध्येच 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लिहून ठेवलंय. खालच्या फळीवरची वस्तू बघायला माणसाला कसं वाकावं लागतं, याचे फोटो काढून दाखवले होते त्याने. मांडणी आजही फारशी सुधारलेली नाही.

उत्तर २ (सावली_मोजणारा)
लंबकासमोर लोक दोन मिनिटं उभे राहतात आणि 'नुसता हलतोय' म्हणून पुढे जातात. त्याला तास द्यावा लागतो, पण तिथे उभं राहून नाही. विज्ञान केंद्रात शिरल्या शिरल्या आधी लंबकाकडे जा, तो खालच्या वर्तुळाच्या कोणत्या खुणेवरून जातोय ते टिपून घ्या, बाकीचं केंद्र बघा आणि तासाभराने परत या. खालची पृथ्वी फिरत असल्याने झोक्याची दिशा तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाची ज्या (साइन) इतकी वळताना दिसते. ३० अक्षांशावर ते साडेसात अंश, म्हणजे पूर्ण फेरीला ४८ तास. ध्रुवावर २४ तास, विषुववृत्तावर शून्य. कडेने लंबकाच्या धक्क्याने पडणाऱ्या खुंट्या उभ्या केल्या असतील तर त्या दर ५ अंशांवर धरल्या तरी ३० अक्षांशावर दोन खुंट्या पडण्यात ४० मिनिटांचं अंतर. कंटाळून निघालात की नेमकी पाठीमागे पडते.

तारेची लांबी मुलांना काढू द्या. एका पूर्ण झोक्याला (जाऊन परत) लागणारे सेकंद मोजा, वर्ग करा, ४ ने भागा. ८ सेकंद आले तर १६ मीटर. एकच झोका मोजू नका, दहा मोजून दहाने भागा. सुरुवातीला बोट दाबायला होणारी चूक त्यात विरून जाते. फूकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये टांगला त्याची तार ६७ मीटर होती, गोळा २८ किलोचा. त्याचा एक झोका सोळा सेकंदांहून थोडा जास्त.

सूर्यघड्याळ 'चुकतंय' असं ठरवण्याआधी दोन हिशेब करा. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून (ज्यावरून देशाची घड्याळं लावतात त्यापासून) पश्चिमेला दर अंशाला ४ मिनिटं ते मागे असणार. शिवाय ऋतूनुसार फरक: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटं मागे. ठिकाण ५ अंश पश्चिमेला असेल तर तेच घड्याळ नोव्हेंबरात फक्त ४ मिनिटं मागे दिसेल आणि फेब्रुवारीत ३४. एवढं करूनही जमलं नाही तर मोबाइलच्या कोनमापकाने सावली पाडणाऱ्या तिरप्या कडेचा कोन बघा. तो त्या जागेच्या अक्षांशाएवढा हवा. नसेल तर दुसऱ्या अक्षांशासाठी बनवलेलं तयार घड्याळ आणून बसवलंय. ते मध्यान्हीला बरोबर असतं आणि सकाळ-संध्याकाळी हटकून चुकतं.

उत्तर ३ (घुमटाखाली)
तारांगणात खेळाच्या आधी पंधरा मिनिटं पोचा. उशिरा आलेल्यांना आत घेत नाहीत, यात आडमुठेपणा नाही. दार एकदा उघडलं की सगळ्यांचे डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो.

जागा कुठली? खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून, उतारावर असतील तर मागच्या एक-तृतीयांश भागात मधोमध. पुढे बसलात तर मान मोडते. खुर्च्या गोलाकार असतील तर निवेदक बहुतेक वेळ कोणत्या दिशेचं आकाश दाखवतो ते दारावरच विचारा आणि ती दिशा तोंडासमोर येईल अशा बाजूला बसा. मधोमध जुना प्रक्षेपक उभा असेल तर त्याच्या अगदी लगत बसू नका, क्षितिजाचा एक तुकडा झाकला जातो.

तिकीट काढताना विचारायचं ते हे: 'आजचं आकाश दाखवता की फक्त फिल्म?' दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फिल्ममध्ये घुमटभर चित्र फिरायला लागलं की काहींना मळमळतं. नऊ वर्षांच्या मुलाला आधीच सांगून ठेवा: गरगरलं तर डोळे मीट, खुर्चीचे हात धर.

रात्री दुर्बिणीतून चंद्र दाखवत असतील तर शुक्ल अष्टमीच्या आसपासचा दिवस पकडा. पौर्णिमेला विवरांच्या सावल्याच नसतात, नुसता पांढरा लख्ख गोळा.

भटकी_पावलं
लंबकाचं तर डोक्यातच आलं नसतं. ग्रंथालयात मुलांना नेता येईल का?

उत्तर ४ (पेन्सिलवाला)
वाचनकक्षात लहान मुलांना सहसा घेत नाहीत. मांडलेलं काही असेल तर तेवढं बघता येतं. तुमच्यापैकी एकाने जावं. ओळखपत्र आणि पेन्सिल न्या, पेन आत चालत नाही. मागणीची चिठ्ठी सकाळी दार उघडताच द्या. भांडारातून कागद काढून आणायला वेळ लागतो आणि दुपारनंतरची मागणी बऱ्याचदा दुसऱ्या दिवसावर जाते. तुमचा दुसरा दिवस अर्धाच आहे. जुने कागद स्वच्छ, कोरड्या हातांनी हाताळायचे. सुती हातमोज्यांत बोटांना पान कळत नाही आणि कडा फाटते, ते मोजे जुने फोटो हाताळण्यासाठी. चिठ्ठी देऊन लंबकाकडे जा, खूण टिपा आणि तासाभराने दोन्हीकडे चक्कर मारा.